उरलेल्यांचं राज्य

आज आपल्याला एका अशा गटाचा इतिहास पाहायचा आहे, ज्याची व्याख्याच नकारार्थी आहे. पेशीत केंद्रक आहे, पण जो प्राणी नाही, वनस्पती नाही आणि बुरशीही नाही, तो प्रोटिस्ट. अमीबा, डायटम, हिवतापाचा प्लास्मोडियम, सगळे यातच. आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांना इथे दिङ्नागाचा अपोहवाद आठवतो: 'गाय' म्हणजे गाय नसलेल्यांहून वेगळं ते. पण दिङ्नाग शब्दाच्या अर्थाबद्दल बोलत होता. निसर्गातला गट असा वजाबाकीने तयार होतो का, हा आपला प्रश्न.

डेल्फ्टचा कापडव्यापारी लेवेनहुक याने १६७४ साली तळ्याच्या पाण्यात हे जीव पाहिले. त्याला ते चिमुकले प्राणीच वाटले. पुढे लिनीयसने सृष्टीचं दप्तर नीट लावलं, पण यातल्या बऱ्याच मंडळींना १७६७ मध्ये 'केऑस' नावाच्या खणात टाकलं. केऑस म्हणजे गोंधळ!

खरी अडचण युग्लेनासारख्यांची. उजेडात तो पानासारखा अन्न तयार करतो, अंधारात बाहेरून अन्न घेतो, वर पोहतोही. वनस्पतीवाले म्हणत आमचा, प्राणीवाले म्हणत आमचा. यावर तोडगा म्हणून १८६० मध्ये जॉन हॉगने आणि १८६६ मध्ये एर्न्स्ट हेकेलने वेगळं राज्य सुचवलं. 'प्रोटिस्टा' हे नाव हेकेलचं. त्यात जीवाणूही होते. १९३८ मध्ये कोपलंडने जीवाणू वेगळे काढले. १९६९ च्या व्हिटेकरच्या पाच राज्यांत बुरशीला स्वतंत्र राज्य मिळालं. दरवेळी उरले ते प्रोटिस्ट.

आता कोणी म्हणेल, सर, नावाने काय फरक पडतो? नाशिकच्या द्राक्षबागायतदाराला विचारा. बागेत भुरी येते आणि डावणीही येते. दोन्ही पानावर पांढरट दिसतात, दोन्हींना बुरशीच म्हणतात. भुरी खरीच बुरशी. डावणीचा जीव मात्र आज प्रोटिस्टांत मोडतो. १८४५ पासून आयर्लंडचे बटाटे कुजवणारा फायटॉफ्थोरा हा त्याचाच भाऊबंद. डीएनएवरून या दोघांचं नातं समुद्रातल्या तपकिरी शैवालाशी जुळतं. ट्रायझोल गटाची औषधं बुरशीत अर्गोस्टेरॉल तयार होणं अडवतात, म्हणून ती भुरीवर चालतात. डावणीचा जीव ते तयारच करत नाही, मग अडवणार काय? म्हणजे नातं चुकलं की फवारणीही वाया, बरं का.

२००५ मध्ये तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने केंद्रकवाल्या सगळ्या जीवांची सहा महागटांत मांडणी केली. प्रोटिस्ट जवळजवळ सगळ्यांत विखुरले. प्राणी आणि बुरशी एकाच महागटात आले, म्हणजे अळंबी झाडापेक्षा आपल्याला जवळची निघाली. 'प्रोटिस्ट' हा शब्द आजही वापरतात, पण सोयीपुरता.

तेव्हा 'इतर' असा खण आपण करतो, त्यात गैर काही नाही. पण तो खण आपल्या माहितीची सीमा दाखवतो, आत ठेवलेल्यांचं नातं दाखवत नाही. केंद्रकवाल्या जीवांचं बहुतेक वैविध्य याच 'इतर'मध्ये होतं, आणि ज्यांच्यापासून आपण मोजायला सुरुवात केली ते प्राणी त्या वृक्षाची एक डहाळी निघाले.