वाहन संदेशवहन-संवेदन, एकात्म

वाहनातील एकाच रेडिओ यंत्रणेने बिनतारी संदेशवहन व रडारद्वारे परिसराचे संवेदन ही दोन्ही कार्ये करण्याचे तंत्र.

उगम : रडारच्या स्पंदात संदेश गुंफण्याची कल्पना १९६० च्या दशकातील आहे. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या २०२३ मधील सहाव्या पिढीच्या मोबाइल संदेशवहनाच्या आराखड्यातील सहा उपयोगक्षेत्रांत एकात्म संवेदन-संदेशवहन हे एक आहे (पहा : दूरसंचार).

वैशिष्ट्ये : वाहन रडार सामान्यतः ७६–८१ गिगॅहर्ट्‌झ, तर वाहनांमधील थेट संदेशवहन ५·९ गिगॅहर्ट्‌झच्या आसपास चालते. एकात्म यंत्रणेत तरंग, अँटेना व कंप्रतापट्टा सामाईक असतो. परावर्तनाच्या विलंबावरून अंतर व कंप्रताबदलावरून सापेक्ष वेग कळतो (पहा : डॉप्लर परिणाम), तोच तरंग दुसऱ्या वाहनाला माहिती पोहोचवितो. १ गिगॅहर्ट्‌झ पट्टारुंदीने अंतरातील सु. १५ सेंमी.चा भेद ओळखता येतो. स्वतःच्याच प्रेषणाचा ग्राहकातील व्यत्यय ही मुख्य मर्यादा होय.

महत्त्व : अंधार व धुक्यातही संवेदन चालते, आडोशामागील वाहनाची माहिती संदेशातून मिळू शकते. वेगवान वाहतुकीत याचे महत्त्व वाढते; उदा., महाराष्ट्रातील ७०१ किमी. लांबीच्या समृद्धी महामार्गावर (पहा : द्रुतगती मार्ग) सपाट भागात मोटारींची वेगमर्यादा ताशी १२० किमी. आहे. या वेगाने वाहन सेकंदाला सु. ३३ मी. अंतर कापते, त्यामुळे पूर्वसूचनेचा अल्प कालावधीही निर्णायक ठरतो.