कर्जाच्या वहीत नसलेलं कारण

कोणी मासळी निवडत असाल, कोणी भाकऱ्या थापत असाल, कोणी काजूच्या बागेतून येऊन नुकतं पाठ टेकत असाल. हातातलं काम थांबवू नका, फक्त कान इकडे द्या. आज आम्ही बोलणार आहोत स्वप्नांच्या यादीबद्दल. आयुष्यात एकदा तरी बघायच्या, शिकायच्या, करायच्या गोष्टींची यादी.

आमच्या गटाच्या बैठकीत हा विषय काढला तेव्हा आधी हशा झाला. एक ताई म्हणाल्या, "ह्या शहरातल्या बायकांचा खूळ. आमका सकाळी पाण्यापासून रात्री भांड्यांपर्यंत यादीच आसा." दुसऱ्या काकी म्हणाल्या, "माका काय व्हया? पोरांचा झाला म्हणजे माझा झाला." या दोन्ही बोलण्यांत खोटं काही नाही. पण यादी करणं हे खरंच शहरातलं खूळ आहे का? आपल्या आज्या-पणज्यांनी यादी केलीच नव्हती का? आम्ही जरा मागे जाऊन शोधलं, तर याद्या सापडल्या. एक नाही, अनेक.

पहिली यादी जात्यावरची. पहाटे उठून दळताना बाई ओवी म्हणायची. तेवढा वेळ तिचा स्वतःचा. घरात बाकी सगळे झोपलेले, हात जात्याच्या खुंट्याला आणि मन मोकळं. गी प्वातवँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्राच्या गावागावांतून बायकांच्या एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. त्यात माहेर आहे, भाऊ आहे, लेक आहे, विठ्ठल आहे, सासरचा जाच आहे. बाईला काय हवं होतं, काय मिळालं नाही, ते त्यात आहे. कागद नव्हता म्हणून यादी नव्हती असं नाही. ती तोंडी होती. पिठाची गिरणी आली, मनगटं सुटली, ते बरंच झालं. पण त्याबरोबर पहाटेचा तो बोलण्याचा वेळही गेला.

दुसरी यादी नवसाची. आपल्याकडे देवाला गाऱ्हाणं घालतात. आंगणेवाडीच्या जत्रेत भराडी देवीसमोर किती बायका रांगेत उभ्या असतात ते आपण पाहतोच. पण आठवून बघा, नवस कशासाठी? मुलाच्या नोकरीसाठी, मुलीच्या लग्नासाठी, घरधन्याच्या आजारपणासाठी. देवीकडेसुद्धा स्वतःसाठी मागायला जीभ अडखळते.

तिसरी यादी पत्रातली. ही खास आपल्या कोकणातली. आपला सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ ला झाला. त्याआधी आपण रत्नागिरी जिल्ह्यात होतो आणि या जिल्ह्यातल्या घरटी कोणी ना कोणी मुंबईच्या गिरणीत. बाप्ये लालबाग-परळला आणि बाया गावात. शेत, गुरं, म्हातारी माणसं, पोरं सगळं बाईवर. महिन्याला मनीऑर्डर यायची, तिच्यावर घर चालायचं. ज्या बाईला लिहिता येत नसे ती पत्र लिहून घ्यायची, शाळेच्या मास्तरांकडून, पोस्टमनकडून नाहीतर शेजारच्या शिकलेल्या पोराकडून. त्या पत्रात यादी असायचीच. पावसाआधी घर शाकारायला पैसे, थोरल्याची फी, गणपतीला येताना पोरांना कपडे. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले, तेव्हा ही यादी आणखी आखूड झाली.

मैत्रिणींनो, या तिसऱ्या यादीपाशी जरा थांबूया. जी गोष्ट मास्तरांसमोर बोलता येत नाही, ती पत्रात जात नाही. "मला तुमची आठवण येते" हे पोस्टमनला कोण सांगणार? "मला एकदा मुंबईचा समुद्र बघायचाय," "मला सही शिकायचीय" हे तर दूरच. दुसऱ्याच्या हातून लिहिलेल्या यादीत घराची गरज येते, बाईची इच्छा येत नाही. म्हणून ज्या बायकांनी स्वतः अक्षर गिरवलं त्यांची गोष्ट आपल्याला हवी.

आपल्या शेजारचं देवरुख घ्या. तिथे १८७० साली एक मुलगी जन्मली. पुढे ती पार्वतीबाई आठवले म्हणून ओळखली गेली. अकराव्या वर्षी लग्न, विशीत वैधव्य, पदरात एक मुलगा. त्या काळच्या रूढीप्रमाणे केशवपन झालेलं. तिची थोरली बहीण गोदूबाई हीसुद्धा बालविधवा. पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन काढलं, तिथे गोदूबाई शिकल्या आणि ११ मार्च १८९३ ला धोंडो केशव कर्वे यांच्याशी त्यांचा पुनर्विवाह झाला. त्याच बाया कर्वे. बहिणीच्या आधाराने पार्वतीबाई पुण्याला गेल्या आणि वयाच्या सव्विसाव्या वर्षाच्या सुमारास अक्षर ओळखायला लागल्या. आपल्यातल्या कितीतरी जणींना सव्विसाव्या वर्षी दोन-दोन मुलं असतात आणि आपण म्हणतो, आता काय शिकायचं वय राहिलं?

पुढे काय झालं ते क्रमाने ऐका, कारण क्रम महत्त्वाचा आहे. कर्व्यांनी १८९६ साली विधवांसाठी आश्रम काढला, तो १९०० साली हिंगण्याला गेला. पार्वतीबाई त्या आश्रमाच्या कामाला लागल्या. मग गावोगाव फिरून आश्रमासाठी वर्गणी गोळा करू लागल्या, सभेत उभं राहून बोलू लागल्या. अनेक वर्षांनी त्यांनी केशवपनाची रूढीही स्वतःहून सोडली. आणि १९१८ साली, पन्नाशी जवळ आलेली असताना, इंग्रजी शिकायचं म्हणून त्या अमेरिकेला गेल्या. पैसा नव्हता, भाषा येत नव्हती. परक्या घरांत घरकाम करून त्या राहिल्या आणि १९२० साली परत आल्या. १९२८ साली त्यांनी 'माझी कहाणी' हे पुस्तक लिहिलं, १९३० साली त्याचा इंग्रजी अनुवादही निघाला.

अक्षर ओळखण्यापासून अमेरिकेपर्यंत बावीस वर्षं गेली. या बावीस वर्षांत मुलगा वाढवला, आश्रमाचं काम केलं, लोकांचं बोलणं ऐकलं. स्वप्न बाजूला ठेवलं, पण पुसून टाकलं नाही. आपल्या धावपळीत यादीचा उपयोग तो हाच. सगळं उद्याच व्हावं म्हणून यादी नसते. मधल्या वर्षांत आपण काय ठरवलं होतं ते विसरू नये म्हणून असते.

रमाबाई रानडे यांचं उदाहरण वेगळं आहे. त्यांना शिकवायला नवरा तयार होता. न्यायमूर्ती रानडे स्वतः मागे लागत. अडचण होती ती घरातल्या बायकांची. मोठं कुटुंब, वडीलधाऱ्या बायका, आणि सून इंग्रजी शिकते म्हणून टोमणे. रमाबाईंनी भांडण केलं नाही आणि शिकणंही सोडलं नाही. दिवसभर घरातलं काम, रात्री अभ्यास. हे सगळं त्यांनी १९१० साली 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' या पुस्तकात मांडलं. त्याच्या आदल्या वर्षी, १९०९ साली, पुण्यात सेवासदन सुरू झालं, त्यात हजारो बायका शिकल्या. यातून आम्ही एक गोष्ट घेतो. घरातली दुसरी बाई आपल्या यादीची शत्रू होऊ शकते, तशीच मैत्रीणही. सासूबाईंची यादी कोणी विचारली आहे का कधी? आधी त्यांची विचारून बघा.

आणि आता आनंदीबाई जोशी. १८६५ साली कल्याणला जन्म, नवव्या वर्षी लग्न, चौदाव्या वर्षी बाळ झालं आणि ते दहा दिवसांचं होऊन गेलं. बायकांना बाई डॉक्टर हवी, हे त्यांच्या मनाने तेव्हा घेतलं. पुढे बंगालमध्ये श्रीरामपूरला असताना १८८३ सालच्या फेब्रुवारीत त्यांनी भरसभेत भाषण केलं. वय अठराही पूर्ण नव्हतं. लोक जे प्रश्न विचारून हैराण करत होते, त्यांचीच त्यांनी यादी केली आणि एकेकाला उत्तर दिलं. अमेरिकेला का जाते? इथे शिकायची सोय नाही का? एकटी का जाते? परत आल्यावर जातीबाहेर टाकलं तर? काही वाईट घडलं तर? आणि कोणत्याही बाईने केलं नाही ते मीच का करावं? सहा प्रश्न, सहा उत्तरं. ११ मार्च १८८६ ला त्या फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या. २६ फेब्रुवारी १८८७ ला, बावीस वर्षंही पूर्ण होण्याआधी गेल्या. कोल्हापूरच्या इस्पितळात रुजू व्हायचं होतं, ते राहूनच गेलं. म्हणून त्यांची यादी वाया गेली असं कोणी म्हणेल का? त्यांच्यानंतर किती मुलींनी तीच ओळ आपल्या यादीत लिहिली.

आता आपल्या वहीकडे येऊया. १९९२ साली नाबार्डने पाचशे गटांपासून बचत गट आणि बँक जोडायला सुरुवात केली. त्याआधी, १९७५ सालीच, महिला आर्थिक विकास महामंडळ स्थापन झालं होतं. आज आपल्या वाडीवाडीत गट आहे. आपल्या प्रत्येक गटाच्या वहीत एक रकाना असतो, कर्जाचं कारण. आम्ही आमच्या गटाची जुनी वही काढून तो रकाना वाचत बसलो. मुलाची फी. घर दुरुस्ती. जाळं. आजारपण. होडीचं इंजिन. लग्न. काजू खरेदी. पुन्हा फी. पानांमागून पानं उलटली. स्वतःसाठी म्हणून एकीनेही कर्ज घेतलेलं नाही. ही वही म्हणजे आमच्या वाडीचा इतिहासच आहे, आणि त्या इतिहासात घर आहे, बाई नाही. मनीऑर्डरच्या काळातलं पत्र आणि आमची वही, यादी तीच. फरक इतकाच, की आता अक्षर आमचं आहे.

म्हणून आम्ही वहीच्या शेवटच्या पानावर दुसरी यादी सुरू केली. सुरुवातीला कोणी बोलेना. मग एक बाई म्हणाल्या, "माका किल्लो बघूचो आसा." सगळ्या गप्प. या ताई मालवणच्या किनाऱ्यावर जन्मल्या, तिथेच दिल्या. रोज सिंधुदुर्ग किल्ला समोर दिसतो. १६६४ साली बांधायला घेतलेला किल्ला बघायला देशभरातून माणसं येतात, ताई त्यांना बांगड्याचं जेवण करून वाढतात, आणि होडीत बसून स्वतः कधी पलीकडे गेल्या नाहीत. वेळच झाला नाही. मग एकेक बोलायला लागल्या. एकीला स्कूटर शिकायची होती. एकीला अंगठा सोडून सही करायची होती. एकीला तारकर्लीला पर्यटक पाण्याखाली जाऊन बघतात तो समुद्राचा तळ बघायचा होता, "आमचो दर्या, नि आमीच बघूक नाय" म्हणून. एका आजींना फक्त एक दुपार कोणी हाक न मारता झोपायचं होतं. कोणी हसलं नाही. तेही लिहिलं.

यातलं अशक्य काय आहे सांगा. वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या बायका पर्यटकांना होडीतून कांदळवन दाखवतात. वल्हं बायकांच्या हातात. आधी हेही कोणाच्या यादीत नव्हतं.

तर मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत बचत जमा झाली, हप्ते झाले, की दहा मिनिटं काढा. चार रकाने पुरेत. काय हवं आहे. किती खर्च येईल, आणि काहींना शून्य रुपये येईल हेही लिहा. घरातलं कोणतं काम तेवढ्या वेळेपुरतं दुसऱ्या कोणी करायचं, आणि ते कोणी. आणि सोबत कोण येणार. तिसरा रकाना सोडू नका, गाडी बहुतेक वेळा तिथेच अडते. जिला लिहिता येत नाही तिने चित्र काढावं. होडी, चाक, उशी, काहीही. दुसरीला सांगून लिहून घेण्यापेक्षा स्वतःच्या हातचं वाकडं चित्र बरं. पत्रांच्या त्या काळाने आपल्याला एवढं तर शिकवलं आहे.

लोक प्रश्न विचारतील. आनंदीबाईंना विचारले तेच विचारतील, फक्त अमेरिकेच्या जागी किल्ला असेल, स्कूटर असेल. उत्तरं आधीच काढून ठेवा. आणि आमच्या ताईंच्या नावापुढे चौथ्या रकान्यात सगळ्या गटाने आपापली नावं लिहिली आहेत. पावसाळ्यात होड्या बंद असतात, म्हणून दिवस ठरला आहे पावसानंतरचा. दर्या शांत झाला की आम्ही जाणार. त्या दिवशी पर्यटकांचं जेवण कोण करणार, तेही लिहून ठेवलं आहे.