धावपट्टी दुरुस्त करणारे हात

२०२१ च्या ऑक्टोबरमध्ये, १६ ते २९ तारखेपर्यंत, पुण्याचा लोहगाव विमानतळ पूर्ण बंद होता. हवाई दलाची धावपट्टी, तिच्यावरच नागरी विमानंही उतरतात, आणि तिचा पृष्ठभाग नव्याने करायचा होता. माझ्या भाच्याला दिल्लीहून यायचं होतं. तो मुंबईला उतरून बसने आला आणि घरात शिरल्या शिरल्या सरकारच्या नावाने बोटं मोडायला लागला. अब्बा कॉटवर पडल्या पडल्या म्हणाले, "पाऊस गेला ना? मग आत्ताच होणार ते काम. पावसात डांबर धरतं का?"

अब्बांना हे ठाऊक असण्याचं कारण आहे. उमेदीची बरीच वर्षं ते एका ठेकेदाराकडे रोलर चालवत होते, आणि त्यातले दोन हंगाम लष्करी विमानतळावर गेले. कुठल्या ते सांगत नाही. गावातला रस्ता आणि धावपट्टी यांत काय फरक, असं मी लहानपणी विचारायचो. रस्त्यावर खडीचा एक दाणा सुटा राहिला तर सायकल घसरते. धावपट्टीवर राहिला तर तो जेट इंजिनात ओढला जातो आणि आतली पाती फोडतो. म्हणून रोज काम संपलं की माणसं रांगेने, खाली वाकून, खडे वेचत चालायची. डांबरावर तीन मीटरची सरळ पट्टी ठेवून फट मोजायची, फट काही मिलिमीटरच्या वर गेली की तेवढा भाग उखडायचा. पाणी दोन्ही कडांना वाहून गेलं पाहिजे, शेजारचं गवत कापलेलं पाहिजे, नाहीतर किडे येतात, किड्यांमागे पक्षी येतात.

लष्कराच्या जागेतली अशी कामं मिलिटरी इंजिनिअर सर्व्हिसेस म्हणजे एमईएस करून घेते. ही यंत्रणा १९२३ सालची, इंग्रजांच्या वेळची. गॅरिसन इंजिनिअर, निविदा, ठरलेल्या दरांचं पुस्तक, मोजमाप वही, मग बिल. शांततेच्या काळात कामाला लागणारा वेळ बहुतेक कागदावर जातो, आणि उरलेला विमानं कधी थांबवायची या हिशेबात. लोहगावला त्या चौदा दिवसांच्या आधी जवळपास वर्षभर रात्री आठ ते सकाळी आठ उड्डाणं बंद ठेवून काम चाललं होतं. भाच्याला हे सांगितलं, पण त्याचा राग काही उतरला नाही.

युद्धात मात्र हाच हिशेब तासांवर येतो. १९७१ च्या डिसेंबरात भुजचं झालं तसं. पाकिस्तानी विमानांनी तिथली धावपट्टी फोडली, लढाऊ विमानं जमिनीवर अडकली. तळाची जबाबदारी स्क्वाड्रन लीडर विजय कर्णिक यांच्यावर होती, आपले नागपूरचे. बॉम्ब पडत असताना कामाला मजूर मिळेनात. तेव्हा जवळच्या माधापर गावातल्या सुमारे ३०० बायका आल्या. मुलं शेजाऱ्यांच्या भरवशावर टाकून.

त्यांच्यापुढचं काम सोपं नव्हतं. बॉम्बने पडलेला खड्डा नुसता भरून भागत नाही. त्याच्या कडेचं काँक्रीट उचकटून वर आलेलं असतं, ते आधी फोडून काढावं लागतं. मग दगड, त्यावर बारीक भर, ती ठोकून घट्ट करायची, वरून कठीण थर द्यायचा. भर ढिली राहिली तर विमानाचं चाक रुतलंच. शिवाय दूरवर उडालेला प्रत्येक तुकडा उचलायचा. हे सगळं भोंगा वाजला की झुडपात पळत, भोंगा थांबला की परत येत. वरून दिसू नये म्हणून त्यांना हिरव्या साड्या नेसायला सांगितलं होतं, आणि धावपट्टी शेणाने सारवली होती. ७२ तासांत विमान उडण्याजोगी पट्टी तयार झाली. पुढे त्यांना ५०,००० रुपयांचं बक्षीस मिळालं, ते त्यांनी गावच्या सभागृहाला देऊन टाकलं.

२०२१ मध्येच यावर सिनेमा आला. तो पाहून मला वाटलं, खडी आणि घमेली यांना इतका कमी वेळ का मिळावा? स्फोट मात्र भरपूर आहेत.

त्याच आठवड्यात देशाच्या दुसऱ्या टोकाला उलटी गोष्ट चालली होती, ती आपल्याकडे क्वचित सांगितली जाते. ढाक्याजवळ तेजगाव इथे पाकिस्तानी हवाई दलाचं सेबर विमानांचं एकच स्क्वाड्रन होतं. ६ डिसेंबरला आपल्या मिग-२१ विमानांनी ५०० किलोचे बॉम्ब टाकून तिथली धावपट्टी फोडली. तिथेही माणसं रात्रंदिवस खड्डे बुजवायला लागली. पण बुजवलेल्या पट्टीवर पुन्हा बॉम्ब पडत राहिले. सेबर शाबूत होती, उडायला जागा नव्हती. वैमानिकांना ब्रह्मदेशमार्गे बाहेर काढण्यात आलं. १६ डिसेंबरला जनरल अरोरा शरणागती घ्यायला तेजगावला उतरले ते हेलिकॉप्टरने.

तेजगावला खड्डे बुजवणाऱ्यांवर कुणी सिनेमा काढणार नाही. ते हरलेल्या बाजूचे. पण घमेलं त्यांच्याही डोक्यावर तेवढंच जड असणार.

अब्बांनी त्या दोन हंगामांबद्दल एक गोष्ट फार उशिरा सांगितली. आत जायला पास लागायचा, आणि त्यांचा पास टोळीतल्या इतरांपेक्षा नेहमी उशिरा यायचा. कधी दोन दिवस, कधी चार. रोलर आत उभा, चालवणारा गेटबाहेर, किल्ली खिशात. कारण कुणी सांगितलं नाही, यांनी विचारलं नाही. एकदा ठेकेदाराने दुसऱ्याला रोलरवर बसवलं, त्याने डांबराचा सांधा नीट दाबला नाही, आणि तो पट्टा अब्बांनी पास आल्यावर उखडून पुन्हा केला. "त्या दिवसांची हजेरी मिळाली?" मी विचारलं. "बाहेर बसलेल्याची कसली हजेरी," ते म्हणाले. मग जरा थांबून, "सांधा मात्र नंतर कधी उघडला नाही."

माधापरच्या बायकांची हकिकत मी त्यांना वाचून दाखवली तेव्हा शेणाचं ऐकून ते हसले, ७२ तास ऐकून गप्प झाले. मग विचारलं, "जेवणाचं काय केलं त्यांच्या?"

पहिल्या रात्री उपाशीच झोपल्या, मी म्हटलं. दुसऱ्या दिवशी जवळच्या देवळातून फळं आणि मिठाई आली.

"आली ना," अब्बा म्हणाले आणि कूस बदलली.