तंजावरच्या नेत्रनोंदी आणि डोळ्यातील द्रवाची साक्ष

१/ शिरवळ म्हटले की नीरेकाठचा सुभानमंगळ आठवतो. १६४८ मध्ये फत्तेखानाच्या स्वारीत आदिलशाही फौजेने घेतलेले हे ठाणे मावळ्यांनी परत जिंकले. त्याच भोसले कुळाची एक शाखा पुढे कावेरीकाठी तंजावरला नांदली. तिथल्या एका राजाने तलवारीऐवजी नेत्रवैद्याचे शस्त्र हाती घेतले. त्याची ही कथा.

२/ दुसरे सरफोजीराजे (१७७७–१८३२) व्यंकोजीराजांच्या गादीवर दत्तक आले. १७९९ च्या तहाने राज्यकारभार कंपनीकडे गेला आणि त्यांची सत्ता तंजावरच्या किल्ल्यापुरती उरली. उरलेले आयुष्य त्यांनी ग्रंथसंग्रह आणि वैद्यक यांना वाहिले.

३/ सरस्वती महाल ग्रंथालयातील नेत्ररुग्णांच्या इंग्रजी हस्तलिखित नोंदी २००३ मध्ये चेन्नईच्या शंकर नेत्रालयाच्या नजरेस आल्या. त्यांत रुग्णांची हकीकत आणि शस्त्रक्रियांचा तपशील आहे. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया राजे स्वतः करीत, असे मानले जाते.

४/ त्या काळी भारतात सर्रास चाले ती सुश्रुतसंहितेइतकी जुनी रीत: शलाकेने गढूळ भिंग मागे ढकलायचे. रुग्णाला तत्क्षणी उजेड दिसे. पण भिंग डोळ्यातच राही आणि कित्येक डोळे पुढे सुजून कायमचे जात. असे का होई?

५/ उत्तर प्रथिनांत दडले होते. भिंग मुख्यतः क्रिस्टॅलिन प्रथिनांचे बनलेले असते; स्वीडनच्या कार्ल मोर्नर यांनी १८९४ मध्ये त्यांचे प्रकार वेगळे केले. वयोमानाने ही प्रथिने गोळा होतात, तोच मोतीबिंदू. भिंगाचे आवरण फाटले की ती डोळ्यातील द्रवात झिरपतात आणि दाह पेटतो.

६/ भिंगाला धक्का न लागताही हे घडते. मोतीबिंदू फार पिकला की आवरणातून प्रथिने पाझरतात. १९७८ मध्ये डेव्हिड एप्स्टाइन व सहकाऱ्यांना अशा रुग्णांच्या नेत्रद्रवात जड प्रथिने आढळली. ती द्रवाची वाट अडवतात, दाब चढतो आणि काचबिंदू होतो.

७/ १९९४ मध्ये लॉईड एइलो व सहकाऱ्यांनी १६४ रुग्णांच्या नेत्रद्रवाचे २१० नमुने तपासले. मधुमेहाने नव्या रक्तवाहिन्या फुटलेल्या डोळ्यांत व्हीईजीएफ हे प्रथिन वाढलेले दिसले. वार्धक्यात दृष्टिपटलाखाली रक्तवाहिन्या फुटतात, त्यामागेही हेच प्रथिन. त्याला रोखणारे रॅनिबिझुमॅब २००६ मध्ये अमेरिकेत मान्य झाले.

८/ तंजावरच्या नोंदींत डोळ्यांना दिसले ते उतरले. न दिसणारे कारण पुढे नेत्रद्रवाने सांगितले. तरीही गावोगावी ‘मोतीबिंदू पिकू दे, मग बघू’ हे वाक्य ऐकू येते. भिंग काढून कृत्रिम भिंग बसवण्याच्या काळात पिकण्याची वाट पाहणे म्हणजे प्रथिने पाझरण्याची वाट पाहणे. घरातील आजी-आजोबांना एवढे जरूर सांगा.