जिओसिटीज : सामान्यांच्या आंतरजालीय लेखनाचे जतन

सर्वसामान्यांना आंतरजालावर फुकट जागा देणारी अमेरिकी सेवा. डेव्हिड बोनेट व जॉन रेझनर यांनी १९९४ मध्ये ती सुरू केली. १९९९ मध्ये ती याहूने घेतली आणि २६ ऑक्टोबर २००९ रोजी अमेरिकेत बंद केली. जपानमध्ये ती ३१ मार्च २०१९ पर्यंत चालली. इथली पाने ‘वस्त्यां’त विभागलेली असत : चित्रपटवेड्यांची हॉलिवूड, संगणकवाल्यांची सिलिकॉन व्हॅली, विज्ञानकथाप्रेमींची एरिया ५१. प्रत्येकाच्या पत्त्यात वस्तीचे नाव आणि घर क्रमांक. भडक पार्श्वभूमी, लुकलुकणारी अक्षरे आणि ‘काम चालू आहे’ असे सांगत फावडे मारणारा चिमुकला मजूर (काम बहुधा कधीच पुरे होत नसे) ही त्यांची ओळख. सेवा बंद होण्याच्या सुमारास जेसन स्कॉट यांच्या आर्काइव्ह टीम या स्वयंसेवी गटाने व इंटरनेट आर्काइव्हने जमेल तेवढी पाने उतरवून घेतली.

हा पसारा ठेवण्यात काय हशील, असा आक्षेप घेतला जातो. निवडक तेवढे ठेवावे, असेही सुचवले जाते. पण निवड करणारा स्वतःच्या काळाचे प्रश्न घेऊन बसलेला असतो. इतिहासकार गो. स. सरदेसाई यांनी पेशवे दफ्तरातून, म्हणजे पेशवाईच्या कागदपत्रांच्या संग्रहातून, ४५ खंड निवडून काढले, त्यांत भर राजकारणावर होता. गावगाडा, सारा, बाजारभाव यांच्या अभ्यासकांना पुढे मूळ रुमालांकडेच (कापडात बांधलेल्या कागदांच्या गठ्ठ्यांकडेच) वळावे लागले. रुमाल शाबूत होते म्हणून ते जमले. जिओसिटीजचेही तसेच आहे. आपली वस्ती स्वतः निवडणारा माणूस स्वतःला कोण समजत होता, हे त्याच्या पत्त्यावरूनच कळते; नुसता मजकूर ठेवून पत्ता टाकला, तर हा पुरावा जातो.

खासगीपणाचा आक्षेप अधिक वजनदार आहे. दहा-वीस वाचकांसाठी लिहिलेले आजाराचे किंवा शोकाचे पान जगभर कुणालाही उतरवून घेता यावे, याला लेखकाने संमती दिलेली नसते, आणि २०१० मध्ये आर्काइव्ह टीमने सारा संग्रह सरसकट खुला केला तेव्हा हे भान सुटले, असे म्हणावे लागते. मात्र त्यावरचा उपाय नष्ट करणे हा नव्हे. काही वर्षे प्रवेश मर्यादित ठेवता येतो, मागणी आल्यास पान झाकता येते. पुसलेले पान मात्र लेखकालाही परत मिळत नाही.

जतन करायचे ते पानासोबतच्या साधनांसह. युनिकोडपूर्व काळातली अनेक मराठी पाने विशिष्ट फॉन्टवर अवलंबून होती; तो फॉन्ट नसेल, तर पान उघडते, पण पडद्यावर रोमन अक्षरांची निरर्थक खिचडी दिसते.