अचानक आलेला पैसा, दशमांश आणि उरलेले नव्वद टक्के

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, किंवा ज्यांचे हेडफोन पुन्हा एकदा हरवलेत, त्यांच्यासाठी या आठवड्याचा भाग इथे लिहून देतोय. बोलताना जरा फाफटपसारा झाला होता, तो थोडा आवरलाय.

आजचा प्रश्न असा. एखाद्या ख्रिस्ती माणसाच्या हातात अचानक मोठी रक्कम आली, समजा वारसा मिळाला, कंपनीचे शेअर्स विकले गेले, जमिनीचा व्यवहार झाला किंवा थेट लॉटरीच लागली, तर त्याने त्या पैशाचं काय करावं? मराठी बायबल वाचणाऱ्यांना एक शब्द चटकन आठवेल: दशमांश. म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग देवाच्या कामाला. मग आपल्यासारख्या एक्सेलवाल्यांचा लगेच पुढचा प्रश्न येतो, टॅक्स कापायच्या आधीचे दहा टक्के की नंतरचे?

या प्रश्नावर चर्चेस आजही वाद घालतात, आणि तो वाद खोटा नाही. पण इतिहास चाळताना मला वेगळंच जाणवत गेलं. दहा टक्क्यांचा हिशोब सोपा आहे. माणसं घडतात आणि मोडतात ती उरलेल्या नव्वद टक्क्यांवर. आणि त्या नव्वदचं काय करायचं, हे बहुतेक वेळा पैसा यायच्या आधीच ठरलेलं असतं.

सुरुवातीपासून बघू. बायबलमध्ये दशमांशाचा पहिला उल्लेख उत्पत्तीच्या चौदाव्या अध्यायात येतो, आणि गंमत म्हणजे तो पगाराबद्दल किंवा पिकाबद्दल नाही. तो अचानक आलेल्या धनाबद्दलच आहे. अब्रामाचा पुतण्या लोट याला शत्रू पकडून नेतात. अब्राम आपल्या घरचे ३१८ माणसं घेऊन पाठलाग करतो, जिंकतो आणि लुटलेला सगळा माल परत आणतो. वाटेत मलकीसदेक नावाचा याजक-राजा भेटतो, त्याला अब्राम दहावा भाग देतो. गोष्ट इथेच संपते असं बऱ्याच जणांना वाटतं. पण पुढे सदोमचा राजा म्हणतो, माणसं मला दे, माल तू ठेव. तेव्हा अब्राम सुताचा दोराही घ्यायला नकार देतो. सोबत्यांचं खाणंपिणं आणि मित्रांचा वाटा तेवढा सोडतो, बाकी सगळं परत. कारण काय, तर उद्या या राजाने ‘अब्रामाला मीच श्रीमंत केलं’ असं म्हणू नये. म्हणजे बघा, दहा टक्के दिले म्हणून उरलेले नव्वद आपोआप आपले झाले, असं त्याने धरलंच नाही.

पुढे मोशेच्या नियमशास्त्रात दशमांश शेतीशी जोडला जातो: धान्य, द्राक्षारस, तेल, गुरंढोरं. यातला मोठा वाटा लेव्यांसाठी, कारण मंदिराचं काम करणाऱ्या या वंशाला वाट्याची जमीन नव्हती. पण अनुवादाच्या चौदाव्या अध्यायात एक मस्त तरतूद आहे. दशमांश घेऊन पवित्र ठिकाणी जा आणि कुटुंबासह तिथे जेवा, आनंद करा. अंतर लांब असेल तर माल विकून पैसे न्या आणि तिथे हवं ते विकत घ्या. फक्त गावातल्या लेव्याला विसरू नका. आणि दर तिसऱ्या वर्षी हा भाग गावातच साठवायचा, म्हणजे लेवी, परदेशी, अनाथ आणि विधवा पोटभर जेवतील. तेव्हा ‘धार्मिक माणसाने पैसा आला की तोंड पाडून बसावं’ असं इथे कुठेच नाही. सेलिब्रेशन आहे, पण एकट्याचं नाही.

येशूच्या दाखल्यांमध्ये याची उलटी बाजू दिसते. लूकच्या बाराव्या अध्यायात एका श्रीमंत शेतकऱ्याला बंपर पीक येतं. तो जुनी कोठारं पाडून मोठी बांधायचं ठरवतो, आता निवांत खाऊ-पिऊ म्हणतो, आणि त्याच रात्री मरतो. गोष्ट नीट वाचली तर लक्षात येतं की त्याच्या सगळ्या प्लॅनमध्ये दुसरं माणूसच नाही. माझं पीक, माझी कोठारं, माझा जीव.

मधला युरोपचा काळ पटकन सांगतो. तिथे दशमांश हा चक्क कर झाला. इंग्लंडमध्ये दहाव्या शतकापासून तो न देणाऱ्याला कायद्याने शिक्षा होती. वसुलीचं धान्य ठेवायला बांधलेली प्रचंड कोठारं आजही तिथे उभी आहेत. सक्तीचा दशमांश द्यायला नकार दिला म्हणून क्वेकर पंथाचे लोक तुरुंगात गेले. १८३६ च्या कायद्याने धान्याऐवजी रोख रक्कम घ्यायची पद्धत आली. दान सक्तीचं झालं की माणसाचं सगळं लक्ष ‘कमीत कमी किती द्यावं लागेल’ यावर जातं. टॅक्स आधी की नंतर, या प्रश्नात मला थोडा तोच सूर ऐकू येतो.

आता थेट २००२ च्या नाताळात येऊ, अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यात. जॅक व्हिटेकर नावाच्या कंत्राटदाराला पॉवरबॉल लॉटरी लागते: ३१ कोटी ४९ लाख डॉलर. एका तिकिटावरचं तोपर्यंतचं सगळ्यात मोठं बक्षीस. एकरकमी पैसे घेतल्यावर आणि कर कापल्यावर साधारण ११ कोटी ३० लाख डॉलर हातात आले. व्हिटेकर आधीच कोट्यधीश होता, शून्यातून आलेला नव्हता. आणि त्याने पहिल्याच दिवशांत जाहीर केलं की दहावा भाग चर्चला जाणार. शब्द पाळलाही. चर्चच्या इमारतींना पैसे दिले, गरजूंसाठी फाउंडेशन काढलं.

म्हणजे दशमांशाची चेकलिस्ट पूर्ण, टिक मार्क. पण पुढे काय झालं? पुढच्याच वर्षी एका स्ट्रिप क्लबबाहेर उभ्या असलेल्या त्याच्या गाडीतून ५ लाख ४५ हजार डॉलरची रोकड चोरीला गेली. एवढी रोकड गाडीत घेऊन फिरत होता! मग दारू, जुगार, खटले, घटस्फोट. ज्या नातीवर त्याचा जीव होता आणि जिला तो सढळ हाताने पैसे द्यायचा, ती २००४ च्या डिसेंबरमध्ये वयाच्या सतराव्या वर्षी गेली. तो स्वतः २०२० मध्ये वारला. या सगळ्याला पैसाच कारण होता असा सोपा निष्कर्ष मी काढणार नाही, एका कुटुंबाचं दुःख इतकं सोपं नसतं. पण एवढं नक्की की दहा टक्क्यांना नियम होता आणि नव्वद टक्क्यांना काहीच नव्हता.

साधारण त्याच सुमारास फ्लोरिडात उलटा प्रसंग घडला. लॉटरी जिंकलेल्या एकाने साल्व्हेशन आर्मीच्या स्थानिक शाखेला एक लाख डॉलर देऊ केले, आणि शाखेने ते नाकारले. जुगारामुळे उद्ध्वस्त झालेली माणसं आमच्याकडे मदतीला येतात, मग त्याच जुगाराचा पैसा कसा घ्यायचा, ही भूमिका. तुम्हाला ती पटो न पटो, पण यातून किती द्यायचं याच्याही आधीचा एक प्रश्न समोर येतो: पैसा आला कुठून?

आता आजचा मुख्य माणूस. जॉन वेस्ली. जन्म १७०३, मृत्यू १७९१, इंग्लंडमधल्या मेथडिस्ट चळवळीचा संस्थापक. पैशावरच्या त्याच्या प्रवचनाचा गाभा तीन पायऱ्यांत सांगता येतो: मिळवता येईल तेवढं मिळवा, वाचवता येईल तेवढं वाचवा, आणि देता येईल तेवढं द्या. पहिल्या पायरीला अटी आहेत. स्वतःच्या शरीराचं किंवा मनाचं नुकसान करून मिळवायचं नाही, शेजाऱ्याचं नुकसान करून तर नाहीच. जुगारातून मिळवणंही त्याने यात बाद केलंय.

पण खरा मजेदार भाग त्याच्या आकड्यांत आहे. एका प्रवचनात तो ऑक्सफर्डमधल्या एका तरुणाचा हिशोब सांगतो. चरित्रकार मानतात की तो तरुण म्हणजे वेस्ली स्वतःच. पहिल्या वर्षी उत्पन्न ३० पौंड, खर्च २८, दान २. दुसऱ्या वर्षी उत्पन्न ६०, खर्च तोच २८, दान ३२. तिसऱ्या वर्षी ९०, खर्च २८, दान ६२. चौथ्या वर्षी १२०, खर्च २८, दान ९२.

इंजिनिअरच्या भाषेत सांगायचं तर आपण सगळे दानाचा आकडा फिक्स करतो आणि खर्च व्हेरिएबल ठेवतो. सॅलरी वाढली की मोठा फ्लॅट, मोठी गाडी, मोठा ईएमआय. वेस्लीने खर्च कॉन्स्टंट ठेवला आणि दान व्हेरिएबल केलं. एवढाच बदल.

आणि त्याच्यावरही अचानक श्रीमंत व्हायची वेळ आली बरं का. गरिबांना परवडावी म्हणून त्याने छोटी, सोपी, पेनीभर किमतीची पुस्तकं काढली, आणि ती इतकी खपली की आपण नकळत श्रीमंत झालो, असं तो स्वतःच म्हणतो. तो पैसा त्याने साठवला नाही. १७७६ मध्ये सरकारने चांदीच्या भांड्यांवरच्या कराबद्दल चौकशी केली, तेव्हा त्याने कळवलं की माझ्याकडे चांदीचे दोन चमचे लंडनला आहेत आणि दोन ब्रिस्टलला, आणि आजूबाजूला इतके लोक भाकरीला महाग असताना मी आणखी घेणार नाही. मृत्युपत्रात त्याने सहा पौंड ठेवले होते, आपली शवपेटी वाहणाऱ्या सहा गरीब माणसांत वाटायला.

वेस्ली कुटुंबाला उपाशी ठेवा असं सांगत नव्हता, हेही लक्षात घ्या. त्याचा क्रम स्पष्ट आहे: आधी स्वतःच्या गरजा, मग बायको-मुलं आणि घरातले नोकर, मग आपल्या मंडळीतले गरजू, मग सगळी माणसं. आणि देणं म्हणजे फक्त भीक घालणं नव्हे. १७४६ मध्ये लंडनला त्याने छोट्या कर्जांचा फंड सुरू केला. जमले होते जेमतेम ३० पौंड, पण त्यातून सुमारे २५० जणांना मदत झाली. पुढे जेम्स लॅकिंग्टन नावाच्या चांभारकाम केलेल्या तरुणाने अशाच फंडातून ५ पौंड घेऊन पुस्तकांचा धंदा वाढवला आणि तो लंडनच्या सगळ्यात मोठ्या पुस्तकविक्रेत्यांपैकी एक झाला.

तरी वेस्लीचं म्हातारपण या बाबतीत समाधानाचं नव्हतं. त्याचे अनुयायी कष्टाळू होते, काटकसरी होते, म्हणून ते श्रीमंत होत गेले. पहिल्या दोन पायऱ्या त्यांनी छान पाळल्या आणि तिसरी गाळली. आपलीच शिकवण लोकांना श्रीमंत करतेय आणि तीच श्रीमंती शिकवण पोखरतेय, हे त्याला दिसत होतं. शेवटच्या वर्षांतल्या प्रवचनांत तो पुन्हा पुन्हा यावरच कळवळून बोलतो.

बरं, मग सगळंच देऊन टाकलं तर? तसंही उदाहरण आहे. रॉबर्ट आर्थिंग्टन, जन्म १८२३, लीड्स. राहायचा हेडिंग्लेला, हो, क्रिकेटवालंच हेडिंग्ले. वडिलांकडून मोठा वारसा मिळाला, पण हा बाबा मोठ्या घरातल्या एका खोलीत राहायचा. लोक त्याला कंजूष म्हणून चिडवायचे. काँगो नदीवरच्या मिशनची ‘पीस’ नावाची आगबोट त्याच्याच पैशातून आली. १९०० मध्ये तो वारला तेव्हा मालमत्ता दहा लाख पौंडांच्या आसपास होती, आणि तिचा बहुतांश भाग मिशन संस्थांना गेला. मात्र आयुष्यभर ढीग वाढतच राहिला, आणि एवढ्या पैशाचं काय होतं हे बघायला तो स्वतः नव्हता.

याच आर्थिंग्टनच्या पैशावर लॉरेन आणि सॅव्हिज हे दोन मिशनरी जानेवारी १८९४ मध्ये आजच्या मिझोराममध्ये पोहोचले. त्यांनी मिझो भाषेला रोमन लिपी बसवून दिली. पण एका जागी जास्त न थांबता पुढे जायचं, हे आर्थिंग्टनचं धोरण. त्यामुळे १८९७ संपताना त्यांना निघावं लागलं. मोठा पैसा आला तसा पुढे सरकला.

त्याच मिझोराममध्ये विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एक साधी पद्धत रुजली: बुहफाई थाम, म्हणजे मूठभर तांदूळ. स्वयंपाक करणारी बाई प्रत्येक वेळी भात टाकण्याआधी एक मूठ तांदूळ बाजूला काढते. चर्चच्या बायका ते घरोघरी गोळा करतात, विकतात, आणि तो पैसा कामाला लागतो. सुरुवात झाली तेव्हा हातात रोकड जवळपास नव्हतीच. आज या मुठीमुठीतून तिथली चर्चेस दरवर्षी कोट्यवधी रुपये उभे करतात. लीड्सचा ढीग एकदाच आला, मूठ मात्र रोज निघते.

मला या सगळ्यातून कळलं ते इतकंच. अचानक आलेला पैसा कोणाला देणं शिकवत नाही. तुमची जी सवय आधीपासून आहे, तीच तो मोठी करून दाखवतो. महिन्याला तीस हजार असताना ज्याचा हात सुटत नाही, त्याचा तीन कोटींवरही सुटणार नाही. उलट तेव्हा प्रत्येक रुपया जास्त ‘माझा’ वाटतो.

म्हणून कोणी ख्रिस्ती मित्र विचारेल की शेअर्सचे पैसे आलेत, टॅक्सआधीचे दहा टक्के देऊ की नंतरचे, तर त्याला आधी तीन गोष्टी विचारा. पैसा आला कुठून, कोणाचं नुकसान करून तर नाही? पुढच्या वर्षी घरखर्च किती, हा आकडा पैसा खात्यात पडायच्या आधी कागदावर लिहिलाय का? आणि आत्ताच्या पगारातून, आत्ता, काही बाहेर जातंय का? या तीनची उत्तरं नीट असतील, तर टॅक्सआधी की टॅक्सनंतर यावर फार झोप उडवायची गरज नाही.

आणि तुम्ही ख्रिस्ती नसाल तरी वेस्लीचा २८ चा आकडा स्वतःला लावून बघा. तुमचा २८ किती? खाली कमेंटमध्ये नका लिहू, घरी लिहून ठेवा.

भेटू पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या!