जोशांचा वाढदिवस

मराठी माणसानं जगात नाव काढलं नाही, अशी ओरड आपल्याकडे दर दिवाळीला होत असते. अशा वेळी मी शांतपणे जोशांचं नाव घेतो. १९९० साली हे नाव भारतात निघालं आणि बघता बघता परदेशात जाऊन पोचलं. पासपोर्ट नाही, व्हिसा नाही, तिकडे आधीच स्थायिक झालेला मावसभाऊसुद्धा नाही. हे जोशी म्हणजे कोणी गृहस्थ नसून संगणकाचा व्हायरस होता, ही गोष्ट मी जरा उशिरानं सांगतो. तोपर्यंत ऐकणाऱ्याची छाती दीड इंच फुगलेली असते, ती उगाच का बसवा?

माझ्या बायकोचं माहेर जोशांचं, त्यामुळे या विषयाची मला पहिल्यापासून गोडी. "ते आमच्यातले नव्हेत हो," असं ती ठासून सांगते. जोशी गुजरातेत असतात, कुमाऊँच्या डोंगरात असतात, कर्नाटकात तर पैशाला पासरी. त्यातल्या कुणी हा उपद्व्याप केला ते कधी उजेडात आलं नाही. पण मला विचाराल तर कर्ता कुणीही असो, लक्षणं अस्सल जोशांचीच होती. जोशी म्हणजे मूळचा ज्योतिषी. हा व्हायरस मुहूर्त बघून प्रकट होत असे. वर्षातले तीनशे चौसष्ट दिवस गुपचूप बसायचा आणि ५ जानेवारीला पडद्यावर येऊन आज्ञा करायचा, 'हॅपी बर्थडे जोशी' असं टाइप करा. करीत नाही म्हणालात तर यंत्र ठप्प. निमूटपणे टाइप केलंत की गाडी पुन्हा सुरू. नासधूस करण्यापेक्षा मान मिळण्याशी मतलब. लग्नकार्यात असे दोन-तीन जोशी मी स्वतः पाहिलेले आहेत.

५ जानेवारी १९९३, मंगळवार. आमच्या कचेरीतल्या यंत्राने सकाळी साडेदहाला ही मागणी केली. त्या काळी संगणकाची खोली म्हणजे देवघर. बाहेर चपला काढायच्या, आत गारवा, आणि साहेबांना विचारल्याशिवाय कळीला बोट लावायचं नाही. साहेबांनी पडदा दोनदा वाचला आणि पहिली आज्ञा सोडली, "मस्टर आणा!" मस्टरावर एकच जोशी होते, हिशेबखात्यातले. त्यांना बोलावून आणलं. बिचारे शपथेवर सांगू लागले की माझा जन्म श्रावणातला आहे, घरी पत्रिका आहे, दाखवतो. शेवटी आमच्या टायपिस्टबाईंनी "लिहून तर बघू, पैसे का पडतायत" म्हणत चार बोटं चालवली आणि यंत्र सुरू झालं. दुपारी पेढे मात्र हिशेबखात्यातल्या जोशांनाच आणावे लागले. पुढे रोग कुठून आला याची चौकशी बसली. साहेबांच्या चिरंजीवांनी खेळाची एक फ्लॉपी कचेरीत आणली होती इथपर्यंत ती पोचली, आणि तिथेच उठली.

हा रोग लागायचा कसा, हे समजून घेण्यासारखं आहे. संगणकाला चालू केल्या केल्या काहीच आठवत नसतं. डोळे उघडले की तो समोरच्या तबकडीचं पहिलं पान आंधळेपणानं वाचतो आणि त्यावर लिहिलं असेल तसं वागू लागतो. पोथी उघडली की 'श्रीगणेशाय नमः' म्हणायचं, त्यातलीच गत. जोशी काय करायचा? गणपतीचं पान उचलून दुसरीकडे नेऊन ठेवायचा आणि त्या जागी स्वतः बसायचा. बरं, कुणी संशयानं "पहिलं पान दाखव" म्हटलं, तर हा ठेवलेलं जुनं पान काढून दाखवायचा! फ्लॉपीवर नुसती कांदेबटाट्यांची यादी असली तरी पहिलं पान असायचंच. संध्याकाळी ती खाचेत विसरली आणि सकाळी कुणी यंत्र चालू केलं की झाली लागण.

उतारासुद्धा तितकाच साधा होता. यंत्र पुरतं बंद करायचं, नुसत्या तीन कळा एकदम दाबून झोपेतून हलवल्यासारखं नव्हे, तर वीज तोडून. म्हणजे त्याच्या डोक्यात जे काही बसलेलं असेल ते पुसलं जातं. मग सोवळ्यातल्या फ्लॉपीवरून चालू करायचं. सोवळं हा शब्द मी थट्टेनं वापरत नाही. सव्वापाच इंची फ्लॉपीच्या कडेला एक चौकोनी खाच असे. तिच्यावर चिकटपट्टी लावली की त्या फ्लॉपीवर कुणाला काही लिहिता येत नसे, जोशांनाही नाही. आजही कुठलंही यंत्र बिघडलं की जाणता माणूस प्रथम "बंद करून चालू करा" म्हणतो आणि आपण हसतो. त्यामागे हे शास्त्र आहे. यंत्राची अल्पकाळाची स्मृती विजेवर जगते, वीज गेली की मनातला सगळा राग विसरते. हा गुण माणसांत असता तर निम्मे संसार सुखाचे झाले असते.

जोशी पहिला नव्हे. जोशी मागून आलेला. या घराण्याचा संगणकाच्या पीसी शाखेतला मूळपुरुष निघाला लाहोरचा. १९८६ साली बासित आणि अमजद फारूक अल्वी या दोघा भावांनी तो लिहिला. त्यांचं संगणकाचं दुकान होतं, दुकानाचं नाव ब्रेन, म्हणून व्हायरसचंही नाव ब्रेन. आपण खपून लिहिलेले प्रोग्रॅम लोक फुकट उतरवून घेतात, या रागापोटी हा उद्योग. आता चोराला धडा शिकवायचा तर आपण लपून बसावं की नाही? या सज्जनांनी व्हायरसच्या पोटात स्वतःचं नाव, दुकानाचा पत्ता आणि टेलिफोन नंबर घातला, आणि लस टोचून घेण्यासाठी संपर्क साधा म्हणून सूचनाही! फ्लॉपीवरून फ्लॉपीवर ब्रेन अमेरिकेत पोचला आणि लाहोरला फोन खणखणू लागले. २०११ साली फिनलंडचे व्हायरसतज्ज्ञ मिक्को हिप्पोनेन व्हायरसमधला तो पत्ता हाती घेऊन लाहोरला गेले. दार उघडलं ते त्याच भावांनी. पंचवीस वर्षं झाली तरी पत्ता तोच! आमच्याकडे भाडेकरूसुद्धा इतके टिकत नाहीत.

त्याच्याही आधी, १९८२ साली, अमेरिकेत रिच स्क्रेंटा या पंधरा वर्षांच्या शाळकरी पोराने ॲपलच्या यंत्रासाठी असाच प्रताप केला होता. त्याची फ्लॉपी दर पन्नासाव्या खेपेला एक कविता म्हणून दाखवी. मित्रांना छळायला कविता ऐकवणं हा फार जुना मार्ग आहे, त्याने फक्त त्याला यंत्र जोडलं. तेव्हा या प्रकाराला नावही नव्हतं. बारसं झालं १९८३ साली. फ्रेड कोहेन या विद्यार्थ्याने असा प्रोग्रॅम मुद्दाम लिहून दाखवला आणि त्याचे प्राध्यापक लेनर्ड एडलमन यांनी त्याला 'व्हायरस' म्हटलं. याच कोहेननं पुढे गणितानं सिद्ध केलं, की जगातले सगळे व्हायरस बिनचूक ओळखणारा प्रोग्रॅम कधीच लिहिता येणार नाही. म्हणजे वैद्यांच्या पोटापाण्याची कायमची सोय झाली.

त्यातले एक वैद्य आपल्या पुण्याचे. साताऱ्याकडच्या रहिमतपूरचे कैलास काटकर पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करीत. शिक्षण दहावीपर्यंत. धाकटे बंधू संजय यांना मात्र त्यांनी संगणक शिकायला घातलं. दुरुस्तीला येणारी यंत्रं व्हायरसनं आजारलेली दिसू लागली, तेव्हा धाकट्यानं औषध लिहिलं आणि थोरल्यानं ते दारोदार विकलं. १९९०च्या दशकात निघालेलं ते क्विक हील, आणि २०१६ साली कंपनीचे शेअर बाजारात आले. लाहोरचे दोन भाऊ रोग काढतात आणि पुण्याचे दोन भाऊ औषध काढतात, यावर मी एकदा सासुरवाडीला अर्धा तास बोललो. मेहुणे म्हणाले, "आणि मधला जोशी?" मी जेवण वाढायला सांगितलं.

मुहूर्ताचा षोक मात्र एकट्या जोशांना नव्हता. मायकेलअँजेलो नावाचा व्हायरस त्या थोर चित्रकाराच्या जन्मदिवशी, ६ मार्चला जागा होई आणि तबकडीवरचा मजकूर उद्ध्वस्त करी. १९९२ साली वर्तमानपत्रांनी असा हलकल्लोळ माजवला की जगातली लाखो यंत्रं त्या दिवशी मरणार. मेली ती काही हजार. त्या वेळी एक उपाय सुचवला गेला होता तो मला फार आवडतो. ५ मार्चला रात्री संगणकाची तारीख एकदम ७ मार्च करायची. आपल्या पंचांगकर्त्यांना क्षयतिथीची युक्ती केव्हापासून ठाऊक आहे!

आतापर्यंतचे हे लोक म्हटले तर खोडकर. पैसे मागणारा त्यांच्यात वेगळा. १९८९ साली एड्सची माहिती म्हणून सुमारे वीस हजार फ्लॉप्या टपालानं घरोघर गेल्या. यंत्र नव्वद वेळा चालू होईपर्यंत सगळं क्षेम, आणि मग फायली गडप. त्या हव्या असतील तर १८९ डॉलर पनामाच्या टपालपेटीवर पाठवा. खंडणीची ही सुरुवात. फ्लॉपी उघडणाऱ्यांत डॉक्टर आणि संशोधकही होते, म्हणजे शिकलेसवरलेले. त्यांनी ती उघडली, कारण तिच्यावर त्यांच्या कामाचं नाव होतं.

इथेच खरी गोम आहे. जोशी यंत्राच्या पहिल्या पानावर बसायचा खरा, पण तिथवर पोचायचा ओळखीनं. फ्लॉपी कुणा अनोळखी माणसाची नसेच. ती शेजारच्या टेबलावरच्या मित्राची, भाच्याची, साहेबांच्या चिरंजीवांची. ४ मे २००० रोजी मनिलाहून निघालेल्या पत्रानं तर कमालच केली. मथळा 'आय लव्ह यू'. सोबत प्रेमपत्र जोडलेलं. उघडलं की ते तुमच्या पत्त्यांच्या वहीतल्या प्रत्येकाला तुमच्याच नावानं जाई आणि जाता जाता तुमच्या यंत्रातल्या छायाचित्रांवर बोळा फिरवी. जोडपत्राच्या नावाचं शेवटचं शेपूट बघितलं असतं तर हे पत्र नसून प्रोग्रॅम आहे हे कळलं असतं. पण वाचणाऱ्याला त्रास नको म्हणून संगणकच ते शेपूट झाकून ठेवी! ब्रिटिश पार्लमेंटनं आपली टपालव्यवस्था काही काळ बंद केली. पत्र लिहिणारा ओनेल दे गुझमान हा विद्यार्थी सुटला, कारण फिलिपाइन्समध्ये त्या वेळी असा कायदाच नव्हता. आपल्याकडचा माहिती तंत्रज्ञान कायदाही त्याच वर्षी ऑक्टोबरात लागू झाला. लोक म्हणाले, काय मूर्ख माणसं, प्रेमपत्र उघडतात! मी म्हणतो, वीस वर्षं नुसती परिपत्रकं येणाऱ्या टेबलावर एके सकाळी असं पत्र आलं, आणि तेही वरच्या मजल्यावरच्या ओळखीच्या बाईंकडून, तर कोण उघडणार नाही?

आता व्हायरस लिहायचेही कष्ट कुणी घेत नाही. नुसता फोन करतात. आमच्या इमारतीतल्या एका निवृत्त गृहस्थांना असाच फोन आला. समोरच्यानं त्यांचं नाव, बँक, शाखा सगळं बरोबर सांगितलं. इतकं ठाऊक आहे म्हणजे आपलाच माणूस, असं त्यांना वाटलं. पैसे गेले. १९३० या क्रमांकावर लगेच कळवलं तर बँकेत रक्कम अडवता येण्याची आशा असते. त्यांनी चार दिवस कुणालाच कळवलं नाही, बायकोलासुद्धा. सकाळच्या फिरायच्या कंपूत येणंही त्यांनी सोडलं. लोक हसतील, हे त्यांना त्या रकमेपेक्षा मोठं वाटलं. आणि लोक हसलेही, ते मी ऐकलं आहे. तेव्हापासून या विषयावरचे माझे दोन-तीन हुकमी विनोद मी बंद केले.

माझ्या बायकोची आत्या सांगलीला एकटी राहते. वय एक्याऐंशी, एकतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, लग्न केलं नाही, त्यामुळे अजून जोशीच. गेल्या पावसाळ्यात तिच्या संगणकाचा पडदा लाल झाला, भोंगा वाजू लागला आणि 'तुमच्या यंत्रात व्हायरस आहे, या नंबरावर फोन करा' अशी अक्षरं आली. तिनं फोन केला. पलीकडचा मनुष्य फार अदबीनं हिंदीत बोलत होता. त्यानं एक प्रोग्रॅम उतरवून घ्यायला लावला आणि पडद्यावर येणारे नऊ आकडे वाचून दाखवा म्हणाला. ते वाचले असते की यंत्र त्याच्या हातात गेलं असतं, आणि त्याच यंत्रात तिची बँक. आत्यानं पाच आकडे वाचले आणि थांबली.

"तुमचं नाव काय म्हणालात?"

त्यानं आधी तिचं नाव विचारून घेतलेलं होतंच. गडी हुशार. म्हणाला, "मॅडम, मैं भी जोशी हूँ."

"अगं बाई! कुठले जोशी?"

तो जरा घुटमळला. पुणे म्हणाला.

"पुण्यात सगळेच असतात रे. मूळ गाव कुठलं? वडलांचं नाव काय? देवरुखच्या जोशांतले का तुम्ही? तुमच्यात ते कृष्णाकाठी वकील होते ते कोण?"

भोंगा वाजत होता. तो "मॅडम, नंबर, मॅडम, नंबर" म्हणत होता. आत्या गोत्रापर्यंत पोचली तेव्हा त्यानं फोन ठेवला. मग तिनं भिंतीवरचं बटण बंद केलं, चहा टाकला आणि आम्हाला फोन लावला. पैसे वाचले हे तिच्या गावीही नव्हतं. ती चिडली होती ती वेगळ्याच गोष्टीवर.

"स्वतःला जोशी म्हणवतो मेला," ती म्हणाली, "आणि गाव सांगता येत नाही!"